ख्रिस्ती घरातून पूर्वजांच्या देवांकडे

ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला पूर्वजांच्या जुन्या देवांची ओढ लागली, तर त्याच्यापुढे तीन प्रश्न असतात. त्या देवांविषयी जाणून घ्यायचे का, त्यांच्या पूजेत बसायचे का आणि धर्मच बदलायचा का? हे तिन्ही एकदम सोडवायला घेतले की गोंधळ होतो. युरोप-अमेरिकेत माणूस त्यांची उत्तरे बहुधा एकट्याने शोधतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात मात्र चौथा प्रश्न आपोआप येऊन बसतो, तो म्हणजे पलीकडची माणसे आपल्याला घेणार का? गेल्या दोन शतकांचा अनुभव पाहिला तर निर्णायक ठरला तो हा चौथा प्रश्नच.

नाशिक जिल्ह्यात हा विषय दोन अगदी वेगळ्या रूपांत दिसतो. एक रूप शहरातले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे शाळा आली, अनाथाश्रम आला, कारागिरीचे वर्ग आले. अशा वस्त्यांतून वाढलेल्या घराण्यांच्या चार-पाच पिढ्या ख्रिस्ती आहेत. मूळ गाव, कुलदैवत, कुळाचार यांची आठवण अनेकांकडे उरलेली नाही. याच शरणपुरात अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलेही वाढली. मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत असलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेचा विद्यार्थी. त्या मुलांना पूर्वजांच्या देवांकडे परतायचे म्हटले असते तरी ते देव कोणते हे सांगणारे कोणी उरले नव्हते. दुसरे रूप सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतले. तिथे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांच्यातील काही घरांत ख्रिस्ती धर्म एक-दोन पिढ्यांपूर्वीच आला. आजीचा देव अजून शिवारातच उभा असतो.

जगात या परतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण रोमन सम्राट जुलियनचे. ख्रिस्ती राजघराण्यात, ख्रिस्ती शिक्षकांच्या हाताखाली तो वाढला आणि ३६१ मध्ये सम्राट झाल्यावर जुन्या देवांचा उघड कैवार घेऊ लागला. ३६३ मध्ये इराणवरच्या स्वारीत तो मारला गेला. त्याचे एक धोरण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. देवळांच्या पुजाऱ्यांनी गरिबांना अन्न द्यावे, वाटसरूंसाठी धर्मशाळा काढाव्यात, कारण ख्रिस्ती लोक ते करतात आणि आपण करत नाही, असे त्याने लिहिले. जुन्या देवांकडे परतलेला हा माणूस चर्चची शिस्त बरोबर घेऊन आला होता. परतणाऱ्या बहुतेकांचे असेच होते.

आधुनिक युरोपातले पुनरुज्जीवन याहून वेगळ्या वळणाचे आहे. इंग्लंडमध्ये जेरल्ड गार्डनर याने १९५४ मध्ये आपले पुस्तक काढून ‘विक्का’ या पंथाला वाट करून दिली. हा पंथ ख्रिस्तपूर्व काळापासून गुपचूप चालत आला आहे, ही कल्पना मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या ग्रंथावर उभी होती. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ मध्ये साधार दाखवून दिले की ही अखंड परंपरा काही सापडत नाही. आजचा विक्का बराचसा विसाव्या शतकातच घडला. तरीही त्याचे अनुयायी कमी झाले नाहीत, कारण अनेकांना प्राचीनतेपेक्षा निसर्गाशी जोडणारा विधी हवा होता. आइसलँडमध्ये १९७२ मध्ये जुन्या नॉर्स देवांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. लिथुआनियातील ‘रोमुवा’ या जुन्या देवांच्या पंथाला तेच मिळवण्यासाठी युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत जावे लागले आणि संसदेची मान्यता २०२४ च्या डिसेंबरात आली. या सर्व ठिकाणी मधली साखळी तुटलेली होती. पुस्तके, लोकगीते, उत्खनने यांच्या आधारे ती पुन्हा जोडावी लागली. म्हणूनच तिथे कोणीही येऊ शकतो. अडवायला जुनी जमात शिल्लकच नाही.

नाशिकच्या डोंगरपट्ट्यात साखळी तुटलेली नाही. मार्गशीर्षात कोकणा गावांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसतो. नवस किंवा व्रत घेतलेले पुरुष काही दिवस घरापासून वेगळे राहतात, उपवास आणि कडक पथ्य पाळतात, पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात आणि शेवटी डोंगरावरच्या देवस्थानाशी रात्र काढतात. पावरी हे भोपळा आणि बांबूचे फुंकवाद्य. धान्याची देवी कणसरी हिची कथा थाळीवर गातात. काशाच्या थाळीत मध्यभागी मेणाने एक काडी उभी रोवायची आणि तिच्यावरून चिमटीने बोटे खाली ओढायची, की थाळी घुमू लागते. त्या एकसुरी घुमाऱ्यावर थाळकरी रात्रभर कथा लावतो. आश्विनात वसुबारसेच्या दिवशीच गुराखी वाघबारस करतात. शिवेवरच्या वाघदेवाला शेंदूर लावतात आणि गुरे सांभाळ असे साकडे घालतात.

चर्चमध्ये वाढलेल्याला इथे पहिली अडचण येते ती अशी, की विचारायला पुस्तक नाही, पाठ करायला धर्मसार नाही आणि रविवारची उपासनाही नाही. ‘तुम्ही कशावर विश्वास ठेवता?’ हा त्याचा प्रश्न भगताला, म्हणजे गावचे विधी करणाऱ्याला, निरर्थक वाटतो. गावदेवाची वर्गणी दिली का, व्रताच्या दिवसांत पथ्य पाळले का, मयताच्या दहाव्याला आला का, एवढेच तिथे पाहिले जाते. श्रद्धेची तपासणी नाही, हजेरीची आहे. म्हणून जी घरे ख्रिस्ती झाली त्यांच्याशी गावाचा खटका बहुधा ईश्वरविषयक मतांवरून उडत नाही. वर्गणी थांबली, प्रसाद नाकारला, यावरून उडतो. परतीची वाटही तिथूनच सुरू होते.

प्रसादाचा प्रश्न ख्रिस्ती बाजूनेही जुनाच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा खल केला आहे. बाजारात मिळते ते चौकशी न करता खावे. मात्र हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नये, असा त्याचा सल्ला. मराठी ख्रिस्ती घरांत गणपतीच्या दिवसांत शेजारून मोदक आले की हाच अध्याय निघतो आणि एकाच घरात दोन उत्तरे मिळतात. कॅथलिक चर्चच्या कायद्यात धर्मत्याग म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा संपूर्ण त्याग, अशी व्याख्या आहे. उत्सव पाहणे, त्याचा अभ्यास करणे, शेजारधर्म म्हणून हजर राहणे यांना ती लागू होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत तर इतर धर्मांत जे खरे आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, अशी भूमिका घेतली. पहिल्या प्रश्नाला, म्हणजे जाणून घेण्याला, चर्चची आडकाठी असल्याचा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, विशेषतः नव्या पंथांत, धोरण पुष्कळदा अधिक कडक असते.

दाराच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे परत घेणाऱ्या हिंदू समाजाचा, इतिहास मात्र फारसा अभिमानास्पद नाही. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, पण अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, मिशनऱ्यांच्या घरी जेवण तेवढे झाले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नारायण पुढे जालन्याजवळच्या बेथेल वस्तीचा संस्थापक झाला. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. एका कपाने जिथे धर्म जात होता, तिथे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्यांना कोण घेणार होते?

ती परीक्षा गोव्यात झाली. तिथल्या गावडा समाजातले पुष्कळ लोक सोळाव्या-सतराव्या शतकांत ख्रिस्ती झाले होते. इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेपासून ढळणाऱ्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या १७३६ च्या एका फर्मानात नवख्रिस्त्यांच्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली आहे. बाप्तिस्म्याला शंभर-दोनशे वर्षे लोटल्यावरही बंदी घालावी लागते, याचा अर्थ त्या रीती तोवर चालूच होत्या. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, चर्च आणि राज्य वेगळे झाले आणि गोव्यातल्या हिंदूंना मोकळीक मिळाली. त्या वातावरणात सातारा जिल्ह्यातील मसूरच्या आश्रमाचे विनायक महाराज मसूरकर यांनी भजन-कीर्तनाच्या आधाराने गावड्यांत प्रचार केला. १९२८ च्या फेब्रुवारीत शुद्धीचे, म्हणजे पुन्हा हिंदू करून घेण्याचे, मोठे समारंभ झाले आणि तिसवाडी, फोंडा आणि आसपासच्या भागांतील सात हजारांहून अधिक गावडे हिंदू झाले. चर्चने विरोध केला. नवी हिंदू नावे सरकारदरबारी चढवून घेताना अडथळे आले.

पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. हे लोक ‘नवहिंदू गावडे’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि तो शब्द त्यांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटला. मुळात हिंदू राहिलेले गावडे त्यांच्याशी सोयरीक करेनात, ख्रिस्ती राहिलेल्या गावड्यांशी सोयरीक तुटली. म्हणजे एका समाजाचे दोन भाग होते, त्यांचे तीन झाले. शुद्धीची चळवळ चालवणाऱ्यांना आकडा हवा होता. लग्न जमवून देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. तिथे खऱ्या अर्थाने टिकला तो धर्मपंडितांच्या यादीत नसलेला भाग. धालो व फुगडी ही नाचगाणी आणि जागर हे लोकनाट्य, हे सारे टिकले. शिवोलीचा जागर तर हिंदू आणि ख्रिस्ती आजही मिळून करतात.

धर्म न बदलता परतण्याची अशी आणखीही रूपे आहेत. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि सातारला ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. येशू सोडला नाही, पण भजन, कीर्तन, संन्यास हे सारे परत घेतले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १९६९ मध्ये रोमने भारतीय कॅथलिकांना आरती, समई, पंचांग प्रणाम यांसह बारा गोष्टींची परवानगी दिली. नाशिक रोडला फेब्रुवारीत भरणाऱ्या बाल येशूच्या यात्रेत सर्व धर्मांचे लोक नवस बोलतात आणि फेडतात. पूजेच्या रीतीची ओढ असणाऱ्या अनेकांची गरज एवढ्यावर भागते. देवच दुसरा हवा असेल तर भागत नाही, आणि तसे असल्यास ते स्वतःशी स्पष्ट मान्य करणे बरे. चर्चमधल्या कोणाचा राग आला म्हणून डोंगऱ्यादेवाकडे वळलेला माणूस पहिल्या व्रतातच कंटाळतो, कारण तिथले पथ्य रविवारच्या उपासनेहून कितीतरी कडक असते.

तिसरा प्रश्न, औपचारिक धर्मांतर, कायद्याच्या कक्षेत येतो. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. महाराष्ट्रात धर्मबदलाची जाहिरात राजपत्रात देता येते. पण परिणाम अनेक ठिकाणी होतात. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार जोडीदाराने ख्रिस्ती धर्म सोडून दुसरा स्वीकारणे हे घटस्फोटाचे एक कारण ठरते. अनुसूचित जातींचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाच मिळतो. ख्रिस्ती घरात जन्मलेला परतला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या के. पी. मनू खटल्यात तीन गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या. पूर्वज त्या जातीचे होते, मूळ धर्मात परत येणे खरे आहे आणि जातीने त्याला स्वीकारले आहे. चौथा प्रश्न असा थेट निकालपत्रातच येऊन बसला. २०२४ च्या सेल्वराणी खटल्यात न्यायालयाने हेही सांगितले की प्रत्यक्ष श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी केलेला दावा हा घटनेशी केलेला कपटव्यवहार होय.

निर्णयाची वेळ आलेल्याने म्हणून क्रम उलटा लावू नये. आधी कागद, मग ओळख, मग श्रद्धा असे करणाऱ्यांच्या वाट्याला नवहिंदू गावड्यांचे एकाकीपण येते. एखादे वर्ष सणांना नुसते हजर राहून, म्हाताऱ्यांकडून कथा ऐकून, घरच्यांना लपवाछपवी न करता सांगून जे कळते, ते राजपत्रातल्या जाहिरातीने कळत नाही. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा पुसला जात नाही, त्यामुळे चर्चकडे परत फिरायचे झाले तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

अनुसूचित जमातींना वरच्या कायदेशीर अडचणींपैकी दर्जाची अडचण नाही, कारण त्यांच्या दर्जाला धर्माची अट नाही. सुरगाण्याचा ख्रिस्ती कोकणा आणि डोंगऱ्यादेवाचे व्रत धरणारा कोकणा कायद्यापुढे सारखेच आदिवासी. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या जमातींचा २००३ मध्ये त्याच यादीत समावेश झाला, आणि त्या यादीत धर्माचा रकाना नाही.