लोकशिक्षक गाडगेबाबा

श्रोतेहो, संत म्हटला की आपण त्याची गाथा शोधतो, मठ शोधतो, शिष्यांची परंपरा शोधतो. गाडगेबाबांच्या बाबतीत यांतले काहीच हाती लागत नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी कुणाला शिष्य केले नाही आणि पायाही पडू दिले नाही. तरी महाराष्ट्रातल्या खेड्यांना त्यांच्याएवढा मोठा शिक्षक क्वचितच लाभला असेल.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परीट कुटुंबात ते जन्मले. वडील दारूपायी गेले. डेबूजी दापुऱ्याला मामाकडे वाढले, तिथे गुरे राखली, शेत कसले. आणि त्याच मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली पाहिली. व्यसन आणि कर्ज हे विषय त्यांना पोथीतून काढावे लागले नाहीत. मुलीच्या बारशाला रिवाज होता दारू-मटणाच्या पंगतीचा. त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण ते हटले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे गाडगे. गावात शिरले की आधी खराटा घ्यायचे, रस्ते-गटारे साफ करायचे, आणि रात्री कीर्तन. शिक्षकबंधूंनो, हा क्रम ध्यानात घ्या. आधी कृती, मग बोलणे. कीर्तनातही ते उपदेश थोडा करीत, प्रश्न फार विचारीत. देवाला बकरे का कापता? ऋण काढून लग्न कशाला करता? माणसाला शिवायला विटाळ कसला? उत्तर श्रोत्याच्याच तोंडून, वऱ्हाडी बोलीत, हसत-हसत काढून घेत. ताट नसले तर भाकर हातावर घ्या, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे घरोघर पोचले.

लोकांनी दिलेल्या पैशांतून लोकांच्याच सोयीची कामे उभी राहिली. ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. पंढरीच्या वाटेवर सर्वांबरोबर चालणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्याला पंढरीत मात्र डोक्यावर छप्पर नसे. म्हणून बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ साली ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले; त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनीही देह ठेवला.

अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. २००० सालापासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान झाले, अनेक गावांचे रूप पालटले. हे चांगलेच झाले. पण खरे सांगायचे, तर बाबांच्या शिकवणीतला सोपा धडा आपण उचलला आणि अवघड धडे मागे ठेवले. रस्ता झाडायला सकाळ पुरते. मनातली जात झाडायला, कर्जाच्या लग्नाला नको म्हणायला भाऊबंदांचा राग सोसावा लागतो. डेबूजींनी तो सोसला होता.

येत्या पुण्यतिथीला तुम्ही शाळेतल्या मुलांच्या हाती खराटा द्यालच. अंगण झाडून झाले की त्यांना सावलीत बसवा आणि बाबांच्या रीतीने दोन प्रश्न विचारा: आपल्या गावात अजून कोण कुणाच्या पंगतीला बसत नाही? आणि कुणाचे शेत लग्नापायी गहाण पडले? उत्तरे मुलांना द्या म्हणावे. आपण मोठ्यांनी तेवढा वेळ ऐकून घ्यावे.