विजेची तपासणी : भाड्याच्या घरात आणि आपल्या घरात

मृग नक्षत्र आता आठवड्यावर येऊन ठेपले आहे. बेळगावात, आणि विशेषतः खानापुराकडच्या पावसाळी पट्ट्यात, या दिवसांत घरोघरी एकच लगबग दिसते. कौले परतली जातात, गटारे उपसली जातात, सरपण पडवीत रचले जाते, पापड-कुरड्यांचे डबे माळ्यावर चढतात. ही बेगमी आजी-पणजीपासून चालत आली आहे आणि तीत कोणी चुकारपणा करीत नाही. मात्र या यादीत एक काम अद्याप शिरलेले नाही, कारण आजी-पणजीच्या घरी ती वस्तूच नव्हती. दाराच्या वर, कोळिष्टकांच्या आड, मीटरशेजारी एक पेटी असते आणि तिच्यातून निघालेल्या तारा भिंतीभिंतींतून घरभर फिरतात. त्या तारांकडे वर्षातून एकदा तरी कोणी पाहते काय? मी तरी कधी पाहिले नव्हते.

मी शाळेत मराठी शिकविते. वीज हा माझा विषय नव्हे. आज जे सांगणार आहे ते एका परवानाधारक वायरमनच्या मागे दोन दिवस हिंडून, त्यांना शंका विचारून, कधी त्यांची शिडी धरून शिकलेले आहे. तेव्हा बोलण्यात शास्त्रीय डौल नसला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

गेल्या वर्षी श्रावणातील एका सकाळी मी न्हाणीघरातील नळाला हात लावला आणि बोटांना मुंग्या आल्या. क्षणभरच. हात ओला होता, थंडी होती, भास असेल असे वाटले. दुसऱ्या दिवशी माझी धाकटी मुलगी म्हणाली, “आई, नळ चावतो.” मुलांच्या तोंडून कधी कधी किती नेमका शब्द येतो पाहा! मी तिला दटावले नाही. गीझर बंद केला आणि घरमालकांकडे गेले.

आमचे घरमालक वयोवृद्ध, सज्जन आणि हिशेबाला चोख. त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “टीचर, हे घर बांधून चाळीस वर्षे झाली. आजवर कोणाला काही झालेले नाही. वीज देणाऱ्यांनी तपासूनच तर मीटर बसविला ना?” मला उत्तर सुचले नाही, कारण माझीही समजूत तीच होती. पुढे कळले की ती तपासणी वीजजोडणी देतेवेळची असते. मीटरच्या पलीकडे घरात काय चालले आहे, ते जपण्याची जबाबदारी त्या घरात वीज वापरणाऱ्याची आणि घराच्या धन्याची. चाळीस वर्षांपूर्वी एकदा नाडी पाहिली म्हणून आज ज्वर नाही असे कोणता वैद्य म्हणेल?

काकांनी शेवटी वायरमनना बोलाविले. त्यांनी पहिल्या तासात कोणतेच यंत्र बाहेर काढले नाही. नुसते पाहिले, वास घेतला, फळ्यांवर पालथा हात ठेवून ऊब जोखली. स्वयंपाकघरातील एका सॉकेटची भोके तपकिरी झाली होती. “येथे पिन सैल बसते, ठिणगी उडते,” ते म्हणाले. न्हाणीघराच्या दिव्याचे बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलवर बसविलेले निघाले. म्हणजे बटण बंद केले की दिवा विझे, पण होल्डर जिवंतच राही. त्या होल्डरमधील दिवा मी स्वतः किती वेळा स्टुलावर उभी राहून बदलला होता, हे आठवून माझ्या अंगावर काटा आला. मेन स्विचजवळच्या चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये बारीक फ्यूजतारेऐवजी जाड तांब्याची तार पिळलेली होती. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणीतरी केलेली ती ‘दुरुस्ती’. त्या फ्यूजचे काम वेळेवर वितळणे हेच होते. ते त्याला करूच न देणारी ती युक्ती!

मग यंत्रे निघाली. मेन बंद करून त्यांनी मेगर नावाचे यंत्र जोडले. ते तारांवर ५०० व्होल्टचा दाब देऊन त्यांच्या वेष्टणाची पारख करते. वेष्टणाचा रोध निदान एक मेगओहम भरावा असा दंडक आहे. न्हाणीघराकडच्या ओल्या भिंतीतील तार त्यात नापास झाली. आणि त्यानंतर नळाचे रहस्य उलगडले.

गीझरच्या तीन पिनांपैकी वरची जाड पिन अर्थिंगची, हे पुष्कळांना ठाऊक असते. ती इतर दोघींहून लांब असते, ती यासाठी की प्लग लावताना ती सर्वांआधी टेकावी आणि काढताना सर्वांनंतर सुटावी. यंत्राच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर या पिनेच्या वाटेने ती जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा अशी योजना. आमच्या सॉकेटमागे हिरवी तार रीतसर होती. वायरमननी तिचा माग मेनपर्यंत काढला, तेथून बाहेरच्या अंगणापर्यंत काढला, आणि म्हणाले, “टीचर, हिरवी तार आहे, पण ती कुठेच जात नाही.” काही वर्षांपूर्वी अंगणात फरशी घालताना अर्थिंगचा नळ अडचण करतो म्हणून कामगारांनी तो कापून टाकला होता. काकांना ते कळलेही नव्हते. गीझरच्या कॉइलचे वेष्टण झिजून वीज त्याच्या टाकीत उतरत होती. तिला जमिनीची वाट नव्हती, म्हणून ती पाण्याच्या लोखंडी नळाने माझ्या मुलीच्या बोटांपर्यंत येत होती. तो गीझर, खरे सांगायचे तर, मीच जुना म्हणून स्वस्तात विकत आणला होता.

येथे खर्चाचा प्रश्न उभा राहिला आणि काकांचे नि माझे दोन दिवस थोडे वाजले. केंद्र सरकारने २०२१ साली भाड्याच्या घरांविषयी एक आदर्श कायदा मंजूर केला आहे. राज्ये स्वीकारतील तेथेच तो लागू होतो. परंतु वाटणी कशी असावी याचा नमुना म्हणून तो पाहण्यासारखा आहे. त्याच्या परिशिष्टात घराच्या आतील-बाहेरील वायरिंगची देखभाल मालकाकडे दिली आहे. बटणे, सॉकेटे आणि गीझर यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. आम्ही तोच न्याय लावला. भिंतीतले आणि जमिनीतले काकांचे, भिंतीबाहेरचे माझे. गीझर मी भंगारात दिला.

काकांनी नवा अर्थिंगचा नळ पुरविला, भोवती कोळसा आणि मीठ घातले, आणि मेनजवळ एक आरसीसीबी बसविला. या छोट्या पेटीविषयी दोन शब्द अधिक बोलते, कारण तिच्याविषयी फार गैरसमज आहेत. हल्ली पुष्कळ घरांत किटकॅट जाऊन एमसीबी आले आहेत आणि आता आपण सुरक्षित झालो असे घरचे लोक मानतात. एमसीबी राखतो तो तारेला. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाहून बराच अधिक प्रवाह वाहू लागल्यावर पडतो. माणसाचा जीव घेण्यास एका अँपिअरचा दहावा भाग पुरतो. ओल्या हातापायांनी २३० व्होल्टची तार धरली तर अंगातून त्याच्या दुप्पटही प्रवाह जाऊ शकेल, आणि एमसीबीला त्याची गंधवार्ताही लागणार नाही. आरसीसीबी निराळाच हिशेब ठेवतो. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची तो सतत तुलना करतो. तूट आली म्हणजे ती कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेली. घरासाठी ही तूट ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचे तीन शतांश, इतकी धरतात; तेवढी होताच तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. त्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावयाचे असते. दाबल्यावर घरात अंधार झाला तर पेटी ठीक. न झाला तर तीच बिघडलेली.

हे सारे पत्ररूपाने मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला कळविले. ती इंग्लंडात स्विंडन येथे असते. गोव्याकडची पुष्कळ कुटुंबे त्या गावी स्थायिक झालेली आहेत. तिचे उत्तर वाचून मला थोडा हेवा वाटला. तेथे २०२० साली खासगी भाड्याच्या घरांसाठी नियम झाले. घरमालकाने निदान दर पाच वर्षांनी जाणत्या माणसाकडून घरातील विजेची तपासणी करून घ्यावी, अहवालाची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यावी, आणि घातक दोष पुढच्या २८ दिवसांत, किंवा अहवालात त्याहून कमी मुदत असेल तर तीत, दूर करावे. अहवालात दोषांची प्रतवारीच असते : आत्ताच धोका आहे ते पहिले, धोका होऊ शकेल ते दुसरे, सुधारावे अशी शिफारस ते तिसरे. आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याला? त्याच्यावर सक्ती नाही. दहा वर्षांनी एकदा पाहून घ्यावे असा नुसता सल्ला आहे.

आपल्याकडे १९५६ चे वीज नियम होते. त्यांच्या जागी २०१० साली, आणि पुन्हा २०२३ साली, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले. वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावे हे त्यांत पूर्वीपासून आहे. पण “तुमचा परवाना दाखवा” असे आपल्यापैकी किती जण विचारतात? नाक्यावरच्या दुकानातील पोऱ्याला आपण हाक मारतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा दहा हजारांच्या वरच दिसतो. त्यांत शेतावरचे आहेत, रस्त्यावरचे आहेत आणि घरातलेही आहेत.

विद्यार्थिनीच्या पत्रातील ती शेवटची गोष्ट, स्वतःच्या घराविषयीची, माझ्या मनात सलत राहिली. खानापूर तालुक्यात आमचे स्वतःचे कौलारू घर आहे. तेथे माझी आई एकटी राहते. काकांशी मी तावातावाने भांडले होते. त्या घरापुरती मालक तर मीच होते! दसऱ्याच्या सुटीत वायरमनना घेऊन मी गावी गेले.

ते घर भाड्याच्या घराहून कितीतरी वाईट निघाले. माळ्यावर उंदरांनी वेष्टण कुरतडून तांबे उघडे पाडले होते, आणि त्यालाच लागून वाळके गवत व माझ्या वडिलांच्या जुन्या पेट्या. लाकडी पट्टीवरची वायरिंग चार दिवे आणि एक रेडिओ एवढ्यासाठी केलेली. तिच्यावर आता फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री. दोन हजार वॅटचे एक यंत्र जवळजवळ नऊ अँपिअर खेचते, आणि आमची सॉकेटे होती पाचाची. आल्ताराजवळ, येशूच्या तसबिरीपुढे, एक लहान तांबडा दिवा रात्रंदिवस जळतो. हिंदू शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यातही तसाच असतो. त्याची तार छतापासून नुसती पीळ देऊन जोडलेली, वर चिकटपट्टीही नाही. नाताळात अंगणात तारा टांगण्यासाठी मीच दरवर्षी त्याच जोडातून आणखी एक तार ओढीत असे.

पण वायरमन खरे थबकले ते परसात. खांबावरून घरात येणारी तार ज्या लोखंडी कोनाला बांधली होती, त्याच कोनाला कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार बांधलेली होती. वरच्या तारेचे वेष्टण वाऱ्यापावसात घासून एका ठिकाणी विटले होते. “हे आणखी एक पावसाळा टिकले नसते,” ते म्हणाले. आईने विचारले, “म्हणजे काय झाले असते रे बाबा?” ते काही बोलले नाहीत. ओले कपडे, ओली जमीन, अनवाणी पाय आणि दोन्ही हात तारेवर. मी आईला घेऊन आत गेले.

लोखंडी तार त्याच क्षणी काढली आणि तेथे नायलॉनची दोरी आली, दोन झाडांमध्ये. विहिरीच्या पंपाचे बटण ओल्या दगडापाशी होते, ते पडवीत कोरड्या जागी नेले. आईसाठी तेथे लाकडी पाटही ठेवला. वायरिंग सगळी बदलावी लागली. खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराइतका आला. तो एकदम झेपणारा नव्हता. वायरमननी दोन हप्त्यांत घेतला. कोणाला एवढे शक्य नसेल तर आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग बाकीचे, असा क्रम त्यांनी सांगितला, तो जसाच्या तसा श्रोत्यांच्या कानावर घालते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या नळापाशी बादलीभर पाणी ओतावे, नाहीतर माती सुकून त्याचा उपयोग उरत नाही, हेही त्यांचेच.

बेळगावच्या घरी परतल्यावर काकांना सारी हकीगत सांगितली. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांची आणखी दोन घरे भाड्याने आहेत. त्याच आठवड्यात त्यांनी वायरमनना तिकडे पाठविले.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्साहून आल्यावर, मी आईला फोन करते आणि ती ‘टी’चे बटण दाबते. फ्रिज थांबतो, आल्तारावरचा दिवा विझतो. “गेली गं,” असे ती फोनवर सांगते, आणि मग कळ वर करते.