पोळी सोडली, पण तुपाचे काय?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या धाकट्या जावेने तिळगूळ घेतला तो न खाता रुमालात बांधला. "ताई, मी कीटो आहार धरलाय," ती म्हणाली. तिच्या आईला मधुमेह, हिची स्वतःची साखर काठावर. भात, पोळी, गूळ सारे बंद. त्याऐवजी लोणी, चीज, चहातसुद्धा खोबरेल! मी कौतुक केले आणि दुसऱ्याच दिवशी घरच्या लोणकढ्या तुपाची बरणी पाठवली. आज बोलायचे आहे ते त्या बरणीविषयी.

हा आहार मूळचा अपस्माराच्या रोग्यांसाठी; अमेरिकेत डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो १९२१ साली सुचवला. पिष्ट इतके कमी घ्यायचे की शरीर चरबी जाळू लागते. साखर व वजन उतरते, हे खरे. पण ताटातून भात उठला की त्याच्या जागी स्निग्ध येऊन बसते. मग ते कोणते, हे आपण पाहायला नको का?

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६२ निरोगी माणसे तीन महिने ठराविक आहारावर होती. लोण्यासारखे संपृक्त स्निग्ध खाणाऱ्यांत इन्शुलिनचा प्रभाव शेकडा १० ने घटला; ऑलिव्हसारखे तेल घेणाऱ्यांत घटला नाही. मात्र ज्यांचे शेकडा ३७ हून अधिक उष्मांक स्निग्धातून येत होते, त्यांना चांगल्या तेलाचाही हा लाभ दिसला नाही. कीटोत तर हे प्रमाण सत्तरच्या घरात! ही गोष्ट मला फार बोचली.

उलट, अमेरिकेतील ८५,०५९ परिचारिकांच्या वीस वर्षांच्या पाहणीत पिष्ट कमी करून वनस्पतिजन्य स्निग्ध व प्रथिने घेणाऱ्यांत मधुमेह थोडा कमी आढळला. त्या कीटोवर नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे.

आता आपले स्वयंपाकघर. खोबरेलात संपृक्त भाग शेकडा ८० हून अधिक, तुपात साठच्या आसपास, पामतेलात निम्मा, शेंगदाणा तेलात विसाच्या आसपास. तूप विष नव्हे. वरणावर चमचाभर घ्यावे. पण वाटीभर? आणि मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असा आहार मुळीच धरू नये; साखर एकाएकी फार उतरते, काही गोळ्यांबरोबर तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतते.

बरणी परत मागायला गेले तेव्हा ती रिकामी होती. "आता यात काय भरू?" जावेने विचारले. दाणे भर, म्हटले. येत्या सोमवारी दोघी रक्त तपासायला जाणार आहोत. तिला उपदेश करणाऱ्या मी स्वतःची साखर आजवर कधी पाहिलेलीच नाही.