देवळाचे तळे आणि त्यातील पाहुणे

(जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



कळस चढला, गाभारा नवा झाला, सभामंडपात फरशी बसली. आता राहिले ते तळे. देवळात शिरताच पहिले दर्शन घडते ते दगडी कासवाचे, मग देवाचे. तेव्हा तळ्याचा विषयही कासवापासूनच काढणे योग्य.

आसामात गुवाहाटीजवळ हाजो नावाचे गाव आहे. तेथे हयग्रीव माधवाचे प्राचीन मंदिर असून त्याच्या तळ्यात काळ्या, मऊ पाठीची कासवे राहतात. मांसासाठी व अंड्यांसाठी या जातीची इतकी शिकार झाली की २००२ साली जगातील तज्ज्ञांनी ती नद्या-पाणथळींतून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. उरली ती आसामातील देवळांच्या तळ्यांत आणि बांगला देशात चितगावच्या एका दर्ग्याच्या तळ्यात. देवाचे कासव म्हणून कोणी हात लावला नाही, एवढ्यावर एक अख्खी जात वाचली. पुढे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात तिची काही कासवे पुन्हा आढळली, आणि देवळांच्या तळ्यांतली पिले वाढवून पाणथळीत सोडण्याचे कामही सुरू झाले.

पण यात एक मेख आहे, आणि ती देणगीदारांनी नीट ऐकावी. कासव पाण्यात राहते, मात्र अंडी घालते काठावरच्या मातीत किंवा वाळूत. तळ्याला चहूबाजूंनी सिमेंटचा घाट बांधला की मादीला अंडी पुरायला जागाच राहत नाही. भक्तांनी श्रद्धेने पैसा खर्च करावा आणि देवाच्याच कासवाचा वंश खुंटावा, असे होऊ नये. घाट जरूर बांधावा, पायऱ्याही कराव्यात. परंतु एक बाजू मातीचीच ठेवावी. खर्चही तेवढाच वाचेल.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. शहरात काचेच्या पेटीत पाळायला रुपयाच्या नाण्याएवढी हिरवी कासवे विकतात. डोळ्यामागे लाल पट्टा, दिसायला मोठे गोजिरवाणे. हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. ते वाढत वाढत जेवणाच्या ताटाएवढे होते, वीस-तीस वर्षे जगते, पाणी घाण करते. मग घरच्यांना नकोसे होते आणि कोणीतरी पुण्य म्हणून ते देवळाच्या तळ्यात आणून सोडतो. तेथे ते मासे, बेडकांची पिले, पाणवनस्पती, मिळेल ते खाते आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावून देशी कासवांना हुसकते. त्याच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात. मुले आजारी पडू लागल्याने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी झाली. आणि आपल्याकडे लोक ते तीर्थात सोडतात! देशी कासव घरी ठेवणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, हेही जाता जाता सांगितलेले बरे.

तिसरी पाहुणी जलपर्णी. ही दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांवर भुलून लोकांनी ती बंगालात आणली. पुढे तिने नावांच्या वाटा अडवल्या, भातशेती बुडवली आणि १९३६ साली बंगाल सरकारला ती काढण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. उबदार आणि खतावलेल्या पाण्यात ती पंधरवड्यात दुप्पट होते. आज चौथा हिस्सा तळे झाकले म्हणून कोणी निश्चिंत बसला, तर महिन्याभरात पाणी दिसायचे नाही. खाली प्राणवायू कमी पडून मासे मरतात, वर डासांची सोय होते. तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. कचेरीतल्या जुन्या प्रकरणासारखेच ते. मिटले म्हणावे तोच वर येते.

१९८२ च्या सुमारास बंगळूरला तिच्यावर जगणारे भुंगे परदेशातून आणले, नीट तपासले आणि सोडले. काही तळ्यांत दोन-तीन वर्षांत त्यांनी ती पुष्कळ हटवली. पण जेथे गटाराचे पाणी येत राहते तेथे ती भुंग्यांच्या पुढे धावते. म्हणून आधी तिचे अन्न तोडावे लागते. ते अन्न म्हणजे सांडपाणी, शेतातून वाहून आलेले खत, पाण्यात टाकलेले निर्माल्य आणि माशांना म्हणून भिरकावलेल्या पोळ्या-चुरमुरे. निर्माल्यासाठी तळ्याबाहेर खड्डा खणणे अवघड नाही.

जलपर्णी काढायची ती हाताने, फूल येण्याआधी, मुळासकट. एका झाडाला आडव्या दोऱ्याने दुसरे जोडलेले असते, म्हणून ओढताना तुटलेला तुकडा पाण्यात राहू देऊ नये. काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पावसात परत आत. बांधापलीकडे नेऊन वाळवावा. फुलावर आलेला असेल तर खतात घालण्यापूर्वी चांगला कुजू द्यावा. आणि एकदा काढून भागत नाही. चिखलातले बी रुजते, म्हणून दर महिन्याला फेरी मारून कोवळी रोपे वेचावी लागतात. हे काम मोठ्या माणसांपेक्षा शाळेच्या वरच्या वर्गातली मुले बरे करतात, मात्र पोहता येणारा एक जाणता माणूस काठावर हवा.

यंदा वैशाखात, पाणी खाली गेले असताना, घरटी एक माणूस आला तर चार दिवसांत तळे मोकळे होईल. दोर, दाताळी आणि दोन बैलगाड्या लागतील. चिखल उपसताना देशी कासव सापडले तर ते ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवावे आणि पाणी भरताच त्याच तळ्यात, मातीच्या बाजूने, परत सोडावे.