'प्रेम' हा शब्द न वापरता

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'लेखन आणि रोजच्या आयुष्यातली जादू' असा विषय मला दिला आहे. जादू म्हटली की वाटतं, ती मुंबई-पुण्याकडे असेल. आपल्या अमरावती-अकोल्यात ऊन, धूळ आणि नळाची वाट पाहणं. पण लताबाई-आशाबाईंच्या आवाजात आपण ऐकतो त्यातली कितीतरी हळुवार प्रेमगीतं ज्यांनी लिहिली, ते सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी याच अमरावतीत जन्मले. ऊन त्यांनाही हेच लागलं.

नव्या कवींसाठी भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. गझलेच्या नियमांतला एक नियम आपल्या कामाचा आहे. गझलेतला प्रत्येक शेर दोन ओळींचा असतो आणि तो एकटाही पूर्ण कविता म्हणून उभा राहतो. पहिली ओळ उत्सुकता लावते, दुसरी ती पुरी करते. आपल्याला गझल जमो न जमो, घरातल्या एखाद्या गोष्टीवर दोन ओळी कोणालाही जमतील.

आता प्रेमाचं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं घरात बोलणारा वऱ्हाडी माणूस मी तरी पाहिला नाही. आपल्याकडे प्रेम रागावूनच बाहेर पडतं. मे महिन्यात भर दुपारी नवरा निघाला की आतून आवाज येतो, "उनाचं कुठी चालले? दुपट्टा बांधा डोक्याले. अन् कांदा ठेवा खिशात!" गेल्या पंचवीस उन्हाळ्यांत हे वाक्य आपल्या प्रत्येक मजल्यावर ऐकू आलं आहे. लिहून मात्र कोणी ठेवलं नाही.

या बोलीची ताकद आपल्या लेखकांनी ओळखली होती. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. तिच्यातली कौतिक गरिबीशी झगडत संसार ओढते, वऱ्हाडीत बोलते, वऱ्हाडीत भांडते. तिची माया तिच्या कष्टांत दिसते, ती वेगळी सांगावी लागत नाही. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी पेरणीच्या तिफणीवर गाणं लिहिलं आणि ते 'अरे संसार संसार' चित्रपटातून घरोघरी पोचलं. तिफण शेतकऱ्यांनी रोज पाहिलेली, गाणं त्यांनी तिच्यात ऐकलं.

एक घरचं सांगतो. माझी आई अकोल्याची. उन्हाळ्यात बाबा रात्री उठून कूलरमध्ये पाणी टाकायचे, आणि दरवेळी आई झोपेतून ओरडायची, "बादली आपटू नका, लेकरं उठतीन!" बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका रात्री कूलर कोरडा पडला. आईनेच उठून पाणी भरलं. सकाळी चहा गाळताना ती एवढंच म्हणाली, "रात्री बादलीचा आवाजच नाही आला."

मी ते त्याच दिवशी वहीत लिहिलं. पुढे आईही गेली. मागच्या वर्षी माझ्या मुलीने ती वही वाचली आणि विचारलं, "आजोबा बादली का आपटायचे?" तिने आजोबांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्या दोन ओळींमुळे तिला त्यांच्याविषयी पहिला प्रश्न पडला. मी जादू म्हणतो ती ही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. लिहिताना 'प्रेम' हा शब्द वापरायचा नाही. त्याऐवजी वस्तू लिहायची : बादली, दुपट्टा, वाटीभर ठेवून दिलेला गिला वडा. आणि माणूस जसा बोलला तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही. 'डोक्याले'चं 'डोक्याला' केलं की बोलणारा माणूसच बदलतो.

या स्मरणिकेत सभासदांची यादी असेल, फोटो असतील, हिशेब असतील. ते सगळं हवंच. पण पंचवीस वर्षांत आपले काही शेजारी निघून गेले. फोटोत त्यांचे चेहरे दिसतील, त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही. आपली मुलं पुण्यात, बंगळुरात, काही अमेरिकेत आहेत. त्यांच्या मुलांना 'काहून' आणि 'कायले' कोणाच्या तोंडून ऐकायला मिळणार?

तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या एका माणसाबद्दल दोन ओळी लिहा. तो माणूस समोर आहे तोवर लिहा आणि त्यालाच वाचून दाखवा. बहुतेक ऐकून घ्यावं लागेल, "काई कामधंदा नाही काय तुमाले?"

तेही खाली लिहून ठेवा.