शाळेतला संगणक कोणाचा?



मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण आज नोकऱ्या आणि पॅकेजबद्दल बोलायला आलेलो नाही. आपल्या वस्त्यांतल्या शाळांमधल्या कॉम्प्युटर लॅबबद्दल बोलायचं आहे. अनेक ठिकाणी ती कुलपातच असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: मशीन जुनी झाली, व्हायरस आला, बजेट नाही. आत पाहावं तर आठ-दहा संगणक धूळ खात पडलेले आणि त्यांवर कुणीतरी टाकून दिलेलं क्रॅक विंडोज. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे ही सगळी मशीन भंगारात?

अजिबात नाही. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप असलेलं लिनक्स त्यांवर चालतं. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसवली तर फरक मुलांनाही कळतो. भरवसा नसेल तर आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आतल्या कशालाही हात न लावता.

इंग्रजीत 'फ्री' या शब्दाने फार घोळ होतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून या चळवळीला तो घोळ निस्तरावा लागतो आहे. आपलं तसं नाही. मराठीत मुक्त वेगळं, फुकट वेगळं. उर्दूत आज़ाद वेगळं, मुफ़्त वेगळं. क्रॅक विंडोज फुकट मिळतं, पण ते मुक्त नाही. आणि सरळ बोलायचं तर ती चोरी आहे. सकाळी प्रार्थनेत सचोटी शिकवायची आणि अकरा वाजता लॅबमध्ये क्रॅक चालवायचा, हे मुलांच्या लक्षात येत नाही असं समजू नका.

आता मुलं करतील काय? लहानांसाठी टक्स पेंट आणि जीकॉम्प्रिस: चित्रं, अक्षरं, आकडे, माउस धरायची सवय. मोठ्यांसाठी कॅल्झियममध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी. पण माझं सगळ्यात आवडतं स्टेलॅरियम. त्यात तुमचं गाव निवडा, २९व्या रोजाची तारीख टाका, वेळ मगरिबची. चंद्र क्षितिजापासून किती वर आहे, सूर्याच्या किती जवळ आहे, किती वेळात मावळणार, सगळं समोर. चाँद दिसला की नाही यावर दर ईदला आपल्याकडे जे रणकंदन होतं, ते सातवीतल्या मुलीला पडद्यावर तपासता येतं. निर्णय कुणी घ्यायचा तो वाद वेगळा, आज त्यात शिरत नाही. पण तो चंद्र तिथे का आहे हे तिला कळलेलं असेल.

उर्दू माध्यमाच्या शाळांचा एक जुना त्रास आहे. वर्षानुवर्षं उर्दू मजकूर इनपेजमध्ये टाइप झाला. तो कॉपी करून दुसरीकडे टाकायला गेलं की खास कन्व्हर्टर शोधावा लागे. मराठीतही जुन्या फॉन्टमधल्या फाइलींनी हेच भोगलंय. युनिकोड आणि मुक्त फॉन्टमुळे ती अडचण सुटली. नोटो नस्तालीक उर्दू मुक्त परवान्याचा आहे, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त फॉन्टही मुक्त आहे. लिबरऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिता येतं. एकाच पानावर मराठी आणि उर्दू, म्हणजे शाळेचं भित्तिपत्रक मुलांनी स्वतः करायचं.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर केरळकडे बघा. तिथे २००१मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला विंडोजच होतं. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते अडून बसले, आणि काही वर्षांत सरकारी शाळा जीएनयू लिनक्सवर आल्या. २०१९मध्ये दोन लाखांवर संगणक त्यावर होते. पैसे वाचले हे खरंच, पण माझ्या मते मुद्दा दुसरा आहे. त्यांनी आधी शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्यानुसार लिहिली, परीक्षाही त्यावरच घेतली. मल्याळम फॉन्टसाठी कार्यकर्ते राबले. २०१८पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब आहेत. लॅबची देखभाल शिकायला मुलंच पुढे असतात.

पालक विचारतील, पुढे एमएस-सीआयटीत आणि नोकरीत तर वर्ड-एक्सेलच लागतं. बरोबर आहे. टॅली शिकायचं असेल तर टॅलीच लागेल, मी खोटं बोलणार नाही. पण तक्ता, सूत्र, फाइल, फोल्डर ही समज एकदा आली की बटणं कुठे आहेत हे आठवड्यात कळतं. पाचवीतल्या मुलाला आजच रिबन पाठ करायला लावायची गरज नाही.

खरी भीती मला वेगळीच वाटते. आपण उत्साहाने जाणार, एका दिवसात लिनक्स टाकणार, फोटो काढणार आणि परत फिरकणार नाही. महिन्याने प्रिंटर रुसतो, बाई घाबरतात, लॅबला पुन्हा कुलूप. म्हणून आधी शाळा निवडा, मग डिस्ट्रो. एका शाळेला दोघांनी वर्षभर महिन्याचा एक शनिवार द्यायचा. पहिल्या दोन शनिवारी मुलांना नाही, शिक्षकांना बसवायचं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतले छोटे व्हिडिओ आहेत, ते त्यांना द्या. आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या वहीत लिहून या, तुमच्या फोनमध्ये ठेवू नका.

मागच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप आणि सहा पेनड्राइव्ह ठेवले आहेत. ज्यांच्या मनात एखादी शाळा आहे, त्यांनी चहाच्या वेळी तिथे या. शाळेत मशीन किती आणि कोणती, एवढं आठवून सांगा.