समितीतली बाहेरची खुर्ची कोणाची?

(येरवडा येथे वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही. कैदी आणि मनोरुग्ण यांना 'नाही' म्हणणे अवघड असते, म्हणून त्यांच्यावरील संशोधन नीतिसमितीने अधिक काटेकोरपणे तपासावे, असे नियम सांगतात. पण भिंतीबाहेरच्या गरीब बाईला तरी 'नाही' म्हणणे कुठे सोपे आहे?

१९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींना तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, बिनतपासणीच्या गटात ६४.

सरकारी सेवेत ही तपासणी तेव्हा नव्हतीच, आम्ही कोणाचे काही हिरावले नाही, अशी याची बाजू मांडली जाते. अभ्यासातून उपयोगी ज्ञान मिळाले, हेही खरे. तपासणीने त्या ६४ जणी सगळ्याच वाचल्या असत्या असेही नाही. पण तपासणीने जीव वाचतात हे जगाला कित्येक वर्षे ठाऊक होते. सरकारने जे दिले नाही, त्या उणिवेवरच अभ्यास उभारायचा का? हा प्रश्न समितीत कोणी विचारायचा?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समितीचे निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत, अध्यक्षही बाहेरचा असावा, एक सामान्य नागरिक असावा. चांगले आहे. पण समिती नेमतो संस्थाप्रमुख, आणि कागदपत्रे सांभाळणारा सदस्यसचिव संस्थेचाच असतो. बाहेरचा माणूस आतल्यांच्या ओळखीतून आला, तर तो बाहेरचा राहतो का?

म्हणून आपण मागणी करू या: सदस्यांची नावे आणि त्यांचे संस्थेशी असलेले संबंध जाहीर करा. सामान्य नागरिकाची जागा संघटनांशी बोलून भरा. संमतिपत्रक मराठीत, बाईला वाचून दाखवून समजेल असे हवे.

आणि ती खुर्ची मिळाली, तर तिथे मान डोलवायला बसायचे नाही. पहिला प्रश्न हाच: ज्यांना काहीच मिळणार नाही, त्या बायका कोण?